सोलापूरच्या हवेत नोथोची अंडी कशी उबवावीत: पिशवी बांधण्यापासून पाणी ओतण्यापर्यंत

नोथो या लहान माशाची अंडी ओलसर कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पिशवीत मिळतात. पिशवीवर जात आणि मुदत लिहिलेली असते, "ग्युंथेरी, १२ आठवडे." घेणारा कॅलेंडरवर खूण करतो, बारा आठवडे मोजतो आणि रविवारी सकाळी कोकोपीट टबात टाकून पाणी ओततो. संध्याकाळ झाली तरी टबात काही हलत नाही. किंवा पंधरा-वीस पिल्लं निघतात, तळाशी पोटावर सरपटत राहतात आणि चार दिवसांत मरतात. मग सगळ्यांचं मत पडतं की अंडीच खराब होती. लोकांनी माझ्याकडे दाखवायला आणलेल्या अशा पिशव्यांपैकी बहुतेकांतली अंडी चांगली होती. चुकलं होतं ते तापमान, आणि त्यामुळे पाणी ओतायचा दिवस.

१२ आठवडे हा आकडा साधारण २४-२५ अंश सेल्सिअसला स्थिर ठेवलेल्या अंड्यांचा आहे. सोलापुरात पत्र्याच्या घरातलं कपाट मे महिन्यात दुपारी ३५ च्या वर जातं आणि तेच कपाट जानेवारीत पहाटे १८ वर येतं. दोन्ही वेळी पिशवीवरचा आकडा कामाचा राहत नाही.

हा लेख नोथोब्रँकियस या पूर्व आफ्रिकेतल्या किलीफिशबद्दल आहे. पाळणारे त्यांना नुसतं नोथो म्हणतात. हे मासे पावसाळी डबक्यात जन्मतात, डबकं आटलं की मरतात, आणि त्यांची अंडी सुकलेल्या चिखलात पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतात. आपल्या पिशवीतलं ओलसर कोकोपीट हा तोच चिखल.

## आधी हे समजून घ्या: अंड्याचे तीन थांबे

नोथोचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं ठरलेल्या दिवसांत वाढत नाही. वाटेत ते तीन ठिकाणी थांबू शकतं. या थांब्यांना डायपॉज म्हणतात.

पहिला थांबा अगदी सुरुवातीला येतो. गर्भाच्या पेशी विखुरलेल्या असतात, आकार धरलेला नसतो. हवा कमी पडली किंवा गारठा लागला की अंडं इथे अडकतं.

दुसरा थांबा मधल्या वाटेवर येतो. गर्भाची बारीक रेघ तयार झालेली असते, पण डोळे आणि बाकीचे अवयव अजून पुढे वाढायचे असतात. इथे अंडं महिनोन्‌महिने पडून राहू शकतं.

तिसरा थांबा शेवटचा. पिल्लू पूर्ण तयार, डोळे चमकणारे, अंड्यात वेटोळं घालून बसलेलं. आता त्याला फक्त पाणी हवं असतं.

तापमान वाढलं की दोन गोष्टी होतात आणि लोकांना त्यांतली एकच माहीत असते. एक, वाढीचा वेग वाढतो. दोन, अंडं दुसरा थांबा गाळून विनाथांबा एसटीसारखं थेट तिसऱ्यावर पोचतं. २८ ते ३० अंशांना बरीचशी अंडी अशी थेट जातात. २० च्या खाली बरीचशी दुसऱ्या थांब्यावर उतरून बसतात. मधल्या तापमानाला एकाच पिशवीत दोन्ही प्रकार सापडतात. म्हणून "तापमान दोन अंशांनी कमी, तर दोन आठवडे जास्त" असा हिशेब इथे चालत नाही. उशीर दोन आठवड्यांचा होऊ शकतो, चार महिन्यांचाही.

एकाच मादीची, एकाच दिवशी घातलेली अंडीसुद्धा एका वेळी तयार होत नाहीत. दुबार पेरणी ज्याच्या वाट्याला आली आहे त्याला यामागचं कारण सांगायला नको. मृगाच्या पहिल्या सरीला सगळं बियाणं मातीत टाकलं आणि पुढे पाऊस लांबला तर हातात काही उरत नाही. ही अंडी थोडं बियाणं राखून ठेवतात. आपण एकदा पाणी ओतून उरलेलं कोकोपीट कुंडीत टाकतो, तेव्हा हे राखलेलं बियाणंच टाकून देतो.

## १. कोणती जात, कोणता महिना

पहिल्यांदा करत असाल तर ग्युंथेरी घ्या. २४-२५ अंशांना साधारण ३ महिने लागतात आणि लहानसहान चुका ती सोसते. कोर्थाउसे ही जात त्याहून लवकर, दोन महिन्यांच्या आसपास तयार होते. राचोवी दिसायला फार देखणा मासा आहे, पण त्याच्या अंड्यांना पाच ते सात महिने लागतात. म्हणजे ती पिशवी आपला उन्हाळा किंवा हिवाळा यांपैकी एक तरी पूर्ण बघणारच. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

दक्षिण अमेरिकेतले ऑस्ट्रोलेबियस थंड हवेतले मासे आहेत. त्यांना वर्षभर थंड खोली देता येत नसेल तर सोलापुरात तो हट्ट धरू नये.

अंडी मागवायला किंवा स्वतःच्या जोडीची गोळा करायला जुलै ते सप्टेंबर हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. पावसाळ्यात घरातलं तापमान २५ ते २८ च्या आसपास रेंगाळतं आणि दिवस-रात्रीचा फरक कमी असतो. अंडी देशातल्याच पाळणाऱ्यांकडून घ्या. परदेशातून जिवंत अंडी आणायची तर सरकारी परवानगी लागते.

सावध: एप्रिल-मे महिन्यात कुरिअरने अंडी मागवू नका. पार्सल उन्हात उभ्या असलेल्या गाडीत दुपारभर पडून राहतं. तिथे काय तापमान झालं हे तुम्हाला कधीच कळत नाही, आणि पुढचे तीन महिने तुम्ही मेलेली अंडी सांभाळत बसता.

## २. कोकोपीट तयार करणं

पीट मॉस (दलदलीतलं सुकवलेलं शेवाळ) मिळालं तर उत्तम, पण नर्सरीत मिळणारा कोकोपीटचा ठोकळा पुरतो. घेताना एवढंच बघा की त्यात खत मिसळलेलं नाही. "रेडी मिक्स" म्हणून मिळणारं कुंड्यांसाठीचं मिश्रण चालत नाही.

नारळाच्या काथ्यात बऱ्याचदा क्षार उरलेले असतात. म्हणून ठोकळा बादलीत फुलवा, जुन्या सुती कापडात घालून पिळा, पाणी फेका आणि पुन्हा भिजवा. असं चार-पाच वेळा केल्यावर पाण्याचा गडद चहासारखा रंग फिका पडतो. मग वीस मिनिटं उकळा, गार होऊ द्या आणि पुन्हा पिळा.

शेवटचं धुणं आरओच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्यात करा. बोअरचं जड पाणी वापरलं तर सुकताना त्यातले क्षार कोकोपीटमध्येच राहतात, आणि दर वेळी शिंपडाल तेव्हा त्यांत भर पडते.

ही तयारी अंडी येण्याच्या आठवडाभर आधी करून ठेवा. मासे अंडी घालू लागले की मगच कोकोपीट धुवायला घेणारे नेहमी घाई करतात आणि एकदाच धुऊन मोकळे होतात.

## ३. अंडी गोळा करणं आणि ओल ठरवणं

टाकीत अंडी घालण्यासाठी ठेवलेली कोकोपीटची बरणी एक ते दोन आठवड्यांनी बाहेर काढा. सगळं बारीक जाळीत ओता आणि पाणी निथळू द्या. मग मुठीत धरून हलकेच दाबा. नोथोचं अंडं सुमारे १ मिलिमीटरचं असतं आणि फळलेलं अंडं टणक असतं. मुठीच्या दाबाने ते फुटत नाही, त्यामुळे घाबरू नका.

आता हा लगदा वर्तमानपत्राच्या आठ-दहा पदरांवर पसरा. पंख्याखाली ठेवू नका. पावसाळ्यात पाच-सहा तास लागतात. मार्चमध्ये दोन तासांतही जास्त सुकू शकतं, म्हणून दर अर्ध्या तासाने बघा.

ओल किती असावी हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पुस्तकी उत्तरापेक्षा आपल्या घरातली खूण सांगते. सोलापूरची शेंगाचटणी मुठीत दाबली की गोळा होतो आणि बोट लावलं की तो मोकळा होतो. कोकोपीट असंच वागलं पाहिजे. दाबल्यावर थेंब पडला तर ओल जास्त आहे. गोळाच झाला नाही तर कमी आहे.

तपासून बघा: चिमूटभर कोकोपीट टिश्यू पेपरवर ठेवून बोटाने दाबा. कागदावर ओला डाग उठावा, पण तो पसरत जाऊ नये.

बहुतेक लोक जास्त ओल ठेवतात, कारण सुकण्याची भीती वाटते. पण चिकट ओल्या कोकोपीटमध्ये हवा खेळत नाही. अंडी पहिल्या थांब्यावर अडकतात किंवा त्यांना बुरशी लागते. थोडं कोरडं कोकोपीट दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतं. महिनाभर गुदमरलेली अंडी मात्र परत येत नाहीत.

## ४. पिशवी, चिठ्ठी आणि वजन

झिप लावायची पिशवी घ्या. तिचा निम्मा भाग कोकोपीटने भरा आणि निम्म्यात हवा राहू द्या. पिशवी चपटी करून हवा काढून टाकू नका.

चिठ्ठीवर जात, मूळ ठिकाणाचा संकेत असल्यास तो, अंडी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत गोळा केली ते, आणि पिशवीचं वजन लिहा. वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये करा. ही माझी स्वतःची सवय आहे आणि तिने माझ्या कितीतरी पिशव्या वाचल्या. महिन्याने वजन केलं आणि ते ६ ग्रॅमने घटलेलं दिसलं, तर तेवढं पाणी उडालं हे लगेच कळतं. स्प्रेच्या बाटलीने तेवढंच पाणी परत द्या. अंदाजाने शिंपडू नका.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहून पिशवीच्या आत ठेवा आणि बाहेरूनही मार्करने लिहा. बाहेरची अक्षरं हाताच्या घामाने पुसली जातात.

## ५. तापमानाची जागा

सगळ्या कामात जास्त वेळ इथे द्या. बाकीच्या चुका सुधारता येतात.

आधी मोजा. कमाल-किमान दाखवणारा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, जिथे पिशवी ठेवायची तिथेच ठेवा आणि तीन दिवसांचे आकडे लिहा. "खोली गार आहे" हे अंगाला लागणाऱ्या वाऱ्यावरून ठरवू नका. पंख्याने माणसाला गार वाटतं, पिशवीला फरक पडत नाही. फ्रिजच्या डोक्यावरची जागा, टीव्हीमागचं फडताळ आणि पश्चिमेची खिडकी या तीन जागा सोडून द्या. फ्रिजच्या वर तर बारा महिने ऊब असते आणि बहुतेक जण पहिली पिशवी तिथेच ठेवतात.

जुन्या घराला माळवद असेल तर आतली, बिनखिडकीची खोली हा मोठा ठेवा आहे. मातीच्या जाड भिंती दिवसाचा ताप आत पोचूच देत नाहीत. स्लॅबच्या घरात सर्वांत खालच्या मजल्यावरची आतली भिंत आणि कपाटाचा तळचा कप्पा निवडा. पत्र्याच्या घरात नुसतं कपाट पुरणार नाही, पेटी करावी लागेल.

नोथोच्या अंड्यांसाठी मी तापमानाचे टप्पे असे धरते:

- १८ ते २० अंश: साठवण. दुसऱ्या थांब्यावरची अंडी इथे नुसती पडून राहतात.
- २२ ते २४ अंश: सावकाश वाढ. बरीच अंडी मध्ये थांबतील.
- २५ ते २७ अंश: नव्या माणसाने इथेच राहावं.
- २८ ते ३० अंश: झपाट्याने वाढ. ग्युंथेरीचा काळ बराच खाली येतो, त्यामुळे पाचव्या आठवड्यापासून दर आठवड्याला अंडी बघावी लागतात.
- ३२ च्या वर: मी जाऊ देत नाही.

३२ च्या वर काय बिघडतं? वाढ वेगाने होते, पण गर्भ आपला बलक भराभर संपवतो. तयार झालेलं पिल्लू तिसऱ्या थांब्यावरही त्याच उकाड्यात शिदोरी खात बसतं. तुम्ही पिशवीवरच्या तारखेची वाट बघत असता आणि आत ते उपाशी होत जातं. पाणी ओतल्यावर असं पिल्लू बाहेर येतं, पण त्याला वर पोहायची ताकद नसते. पोटावर सरपटणाऱ्या पिल्लांच्या मागे सोलापुरात मला हे कारण सगळ्यात जास्त दिसलं आहे.

पेटी कशी करायची. फळांची किंवा औषधांची थर्मोकोलची पेटी घ्या. तळाशी पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या दोन बाटल्या आडव्या ठेवा. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, त्यामुळे पेटीतला चढउतार मोडतो. मधे पिशव्या, त्यांच्याजवळ थर्मामीटर. झाकण लावून वरून जाड सोलापुरी चादर दुहेरी गुंडाळा. एवढ्याने दिवस-रात्रीचा फरक निम्म्याच्याही खाली आलेला मी पाहिला आहे.

उन्हाळ्यात यांतली एक बाटली सकाळी आणि एक दुपारी दोन वाजता फ्रिजमधल्या गार बाटलीने बदला. बर्फाची बाटली नको. ती पिशवीला टेकली तर त्या बाजूची अंडी गारठतात. दुसरा उपाय मातीचा. मोठ्या कुंडीत लहान माठ ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा आणि वाळू दिवसातून दोनदा भिजवा. पिशव्या आतल्या माठात, वर ओलं गोणपाट. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे पाणी जोरात उडतं आणि माठ चांगला गार राहतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय काम करत नाही, आणि तेव्हा त्याची गरजही नसते.

नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात वाळू भिजवायचं पाणी वेगळं बाजूला काढून ठेवा. एक दिवस खंड पडला तर माठातलं तापमान दुपारी लगेच चढतं.

हिवाळ्यात, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे, पहाटे शहरात पारा १५ च्या खाली उतरतो. तेव्हा टबात चार बोटं पाणी घ्या, त्यात २६ अंशांवर लावलेला टाकीचा हीटर आडवा आणि पूर्ण बुडवून ठेवा. पिशव्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घालून तो डबा त्या पाण्यावर तरंगू द्या. पाणी रोज बघा. हीटर उघडा पडला तर काच तडकते.

सावध: "लांबवायचं आहे" म्हणून पिशवी फ्रिजच्या कप्प्यात ठेवू नका. तिथलं ४-५ अंश तापमान या अंड्यांना मारतं. लांबवण्यासाठी १८ अंश पुरतात.

लाइट जाण्याची भीती बाळगू नका. पेटीतल्या बाटल्या चार-पाच तास सांभाळून घेतात.

## ६. अंडी बघणं

पहिला महिना पिशवी उघडू नका. नंतर दर पंधरा दिवसांनी, आणि २८ च्या वर ठेवली असतील तर दर आठवड्याला बघा.

सराफाचं दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. ओल्या मऊ ब्रशने दहा अंडी उचला, काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवा आणि मोबाइलच्या टॉर्चवर खालून उजेड द्या. दहाच बघा, पण पिशवीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून घ्या. एकाच जागेची दहा अंडी खरं चित्र दाखवत नाहीत.

काय दिसतं त्याप्रमाणे असं समजा:

- नितळ अंडं, आत तेलाचे थेंब, बाकी काही नाही: सुरुवातीचं किंवा पहिल्या थांब्यावरचं.
- बारीक फिकट कमान, डोळे ठळक नाहीत: दुसरा थांबा.
- दोन काळसर ठिपके आणि लाल रक्ताची हालचाल: पुढे निघालं आहे, साधारण दोन-तीन आठवडे द्या.
- डोळ्याभोवती सोनेरी कडं, शरीराने अख्खं अंडं भरलेलं: तयार.
- पांढरं, अपारदर्शक: मेलेलं. लगेच काढा, नाहीतर बुरशी शेजाऱ्यांना लागते.

सोनेरी कड्याबद्दल एक सांगते. काळा डोळा दिसला की लोक आनंदाने पाणी ओततात. तो डोळा अजून कच्चा असतो. कडं अंगठीसारखं पूर्ण आणि चकचकीत दिसेपर्यंत थांबा. दहांपैकी सहा-सात अंड्यांत ते दिसलं तर पाणी ओतायचा आठवडा आला. पिशवीवर कोणतीही तारीख असो.

अंडी दुसऱ्या थांब्यावर अडकली असतील तर: आठ-दहा आठवडे झाले आणि दहांतली आठ नुसत्या कमानीवर आहेत, तर पिशवी उघडून कोकोपीट हाताने मोकळं करा, ताजी हवा भरा आणि पेटी २८-२९ अंशांवर दोन-तीन आठवडे ठेवा. दिवसा उजेड मिळाला तर आणखी चांगलं, मात्र ऊन नको. बरीच अंडी पुढे सरकतात. न सरकलेली फेकू नका.

सगळी तयार आहेत पण तुम्ही गावी निघालात तर: १८-२० अंशांवर दोन-तीन आठवडे थांबवता येतं. त्यापुढे पिल्लांची शिदोरी संपू लागते.

## ७. पाणी ओतणं

आदल्या दिवशीच आर्टेमिया, म्हणजे पिल्लांना खायला द्यायचे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव, उबवायला लावा. एक लिटर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम जाडं, आयोडीन नसलेलं मीठ, चिमूटभर आर्टेमियाची अंडी, एअर पंपाची नळी तळापर्यंत आणि २६-२८ अंश तापमान. साधारण २४ तासांत नारिंगी ठिपके पोहू लागतात. नोथोची पिल्लं बाहेर आल्याच्या दिवशीच खायला मागतात. आधी पिल्लं काढू, मग खाण्याचं बघू म्हणणाऱ्यांची पिल्लं दुसऱ्या रात्रीपर्यंत खंगतात.

दोन दिवस उघडं साठवलेलं, क्लोरीन उडालेलं पाणी फ्रिजमध्ये ठेवून १८ अंशांच्या आसपास आणा. आपल्या नळाचं पाणी उन्हाळ्यात ३० च्याही वर असतं, ते तसंच ओतू नका. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, आणि पिल्लाला पहिल्या काही तासांत शरीरातली पोहण्याची पिशवी हवेने भरून घ्यायची असते.

उथळ टब घ्या. निम्मंच कोकोपीट टाका आणि उरलेलं परत पिशवीत बंद करा. काही चुकलं तर निम्मी अंडी हातात राहतात. पाणी कोकोपीटच्या वर दोन-तीन बोटं येईल एवढंच ओता. बोटाने हलकेच ढवळा म्हणजे तरंगणारं कोकोपीट बुडेल. टब घरातल्या शांत जागी ठेवा, पाणी आपोआप हळूहळू खोलीच्या तापमानावर येऊ द्या.

पहिलं पिल्लू कधी तासाभरात दिसतं, कधी चार तासांनी. चोवीस तासांत बहुतेक बाहेर येतात.

डोळे सोनेरी आहेत पण कोणी बाहेर येत नाही? बारा तासांनी माशांच्या कोरड्या खाद्याची अगदी चिमूटभर पूड पाण्यावर टाका. ती कुजू लागली की पाण्यातला ऑक्सिजन घटतो आणि अंड्यातल्या पिल्लाला बाहेर पडण्याचा इशारा मिळतो. किंवा दहा-वीस अंडी पाण्यासकट लहान बाटलीत भरा आणि खिशात घालून अर्धा तास घरात फिरा. ऊब, हालचाल आणि कमी होणारी हवा, या तिन्हींनी हट्टी अंडी फुटतात. पिल्लं दिसताच त्यांना लगेच ताज्या पाण्यात सोडा. ऑक्सिजन कमी करणं हे फक्त कवच फोडण्यापुरतं आहे. बाहेर आलेल्या पिल्लाला भरपूर हवा हवी.

## ८. पहिले काही दिवस

पिल्लं चमच्याने पाण्यासकट उचलून वेगळ्या टबात घ्या. पाणी पाच-सात सेंटिमीटरपेक्षा खोल नको. आर्टेमिया गाळून, गोड्या पाण्यात धुऊन दिवसातून दोनदा द्या. पोट नारिंगी दिसलं म्हणजे खाल्लं. उरलेलं दर संध्याकाळी ड्रॉपरने काढा आणि थोडं पाणी बदला. नोथोला व्हेल्वेट हा रोग पटकन लागतो, म्हणून मी लिटरला १ ग्रॅमच्या आसपास जाडं मीठ पहिल्या आठवड्यापासून घालते. चार ते सहा आठवड्यांत नर रंग धरतात.

सरपटणारी पिल्लं एक दिवस वेगळ्या उथळ पाण्यात ठेवून बघा. दुसऱ्या दिवशीही उठली नाहीत तर ती सुधारणार नाहीत. त्यांची संख्या मात्र वहीत लिहा. शंभरात पाच असतील तर चालायचंच. तीस असतील तर पाणी ओतायला उशीर झाला होता किंवा पेटी तापली होती, आणि उरलेल्या निम्म्या कोकोपीटसाठी हा आकडा फार उपयोगी आहे.

सावध: जास्त झालेली पिल्लं सिद्धेश्वर तलावात, हिप्परग्यात किंवा शेततळ्यात सोडू नका. हे इथले मासे नाहीत. दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

## ९. तेच कोकोपीट पुन्हा

पिल्लं काढून झाली की टबातलं कोकोपीट जाळीत गाळा, पुन्हा वर्तमानपत्रावर पसरा आणि तिसऱ्या पायरीतली शेंगाचटणीची ओल आणा. नवी पिशवी, नवं वजन. चिठ्ठीवर जुनी तारीख तशीच ठेवून खाली लिहा: "पहिलं पाणी अमुक तारखेला, पिल्लं इतकी." पेटीत २६ वर ठेवा आणि तीन-चार आठवड्यांनी भिंगाखाली दहा अंडी बघा.

गेल्या पावसाळ्यातल्या ग्युंथेरीच्या एका पिशवीतून मला पहिल्या पाण्याला ३१ पिल्लं मिळाली, महिन्याने दुसऱ्या पाण्याला १८ आणि त्यानंतर तिसऱ्याला ७. तिसऱ्या खेपेनंतर दहा अंडी बघितली तर दोन अजून नुसत्या कमानीवर होती. ती पिशवी मी पुन्हा बांधून पेटीत ठेवली आहे.